चार नंबरच्या लिफ्टमधली खुर्ची

"गॅडिसचं औषध पुन्हा गेलं," योलांडा फोनवर म्हणाली. लोरेटानेच ते मोरीत ओतलं असावं, असा तिचा आवाज होता.

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे मेलं! लिफ्टच्या दारात उभं राहून राहून मेलं. सकाळपासून दुसऱ्यांदा. तुझा तो चाकांवरचा डबा खाली दिवा लुकलुकवत उभा आहे आणि इथे वर म्हातारा शर्ट वर करून बसलाय. त्याला काय सांगू? लिफ्टचा लिलाव चाललाय म्हणून सांगू?"

लोरेटा क्रूपाने डोळे मिटले. ती पिट्सबर्गच्या टेकडीवरच्या या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून असलेल्या खोलीत बसायची. सामान वाहणाऱ्या रोबोट गाड्यांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. लक्ष ठेवणं म्हणजे बघत बसणं. गाड्यांना हुकूम द्यायचा अधिकार तिला नव्हता. खरं तर कुणालाच नव्हता, आणि तीच त्या योजनेची शान होती म्हणे.

प्रत्येक विभागाला एक एजंट दिलेला होता. एजंट म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. स्वयंपाकघराचा एक, धुलाईचा एक, रक्तपेढीचा एक, औषधविभागाचा एक, असे. रोज सकाळी प्रत्येकाला ठरावीक गुण मिळायचे. ते गुण खर्चून आपल्या गाडीसाठी त्याने बाकीच्यांशी घासाघीस करायची आणि लिफ्ट पटकवायची. वर साहेब नाही, मुकादम नाही, सगळे आपापल्या अकलेने चालणार. परिस्थिती बदलली की आपोआप शिकणार. आणि ते शिकले. तक्रार तीच होती. हरामखोर फार लवकर शिकले.

बर्फाने दोन दिवस शहर गाडून टाकलं होतं. अपघातवाल्यांची रीघ लागली म्हणून एक लिफ्ट तातडीच्या विभागाने कायमची घेतली, दुसरी बंद पडली, आणि तिचा मिस्त्री नदीपलीकडे अडकून पडला. लिफ्टा कमी झाल्या. गाड्या तेवढ्याच राहिल्या. त्या पहिल्या दिवशी ज्या एजंटांनी गरज पडल्यावर लिफ्ट मागितली, त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. ज्यांनी उगाचच आधी धरून ठेवली, त्यांचं भागलं. झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तो धडा गिरवला. स्वयंपाकघराचा एजंट भात शिजायच्या आधी लिफ्ट धरायला लागला. धुलाईचा एजंट मळक्या चादरींवर 'तातडीचे' असा शिक्का मारायला लागला. लिफ्ट रिकामी वर जायची, रिकामी खाली यायची, पण नोंद बघावी तर ती कुणाच्या तरी नावावर.

एकटा औषधविभागाचा एजंट सभ्य राहिला होता. औषध तयार झाल्याशिवाय तो तोंड उघडत नसे, कारण त्याला तसंच बनवलं होतं. आणि जगात सभ्य माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. दोनदा औषध तयार झालं, दोनदा त्याने विनंती केली, आणि दोन्ही वेळा त्याच्या आधी मळक्या चादरींनी लिफ्ट पटकावली. सकाळी मिळालेले गुणही त्यातच संपले.

"योलांडा, आणखी एकदा बनवायला सांग ना त्यांना."

"सांगितलंय. शेवटची बाटली आहे. पुढचा साठा घेऊन येणारी गाडी बर्फात कुठे तरी रुतलीय, रात्रीशिवाय पोचत नाही. आणि ते औषध मिसळलं की तासाभरात टोचावं लागतं, हे तुला सतरा वेळा सांगून झालंय. रोज एक, असं आठवडाभर सलग टोचायचं असतं, मधला दिवस चुकून चालत नाही. आज चुकलं तर डॉक्टर म्हणतात, आतापर्यंतचं सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून. म्हाताऱ्याचं रक्त पुन्हा पहिल्यापासून सोसेल का, ते त्याच डॉक्टरला विचार."

"बघते मी काही तरी."

"बघण्याचाच पगार मिळतो तुला," असं म्हणून योलांडाने फोन ठेवला. ती उपचारकक्षाची मुख्य परिचारिका होती आणि लोरेटाची शाळेपासूनची मैत्रीण. म्हणून तर एवढ्यावर सोडलं.

लोरेटाने गाड्यांच्या कंपनीला फोन लावला. पडद्यावर प्रेस्टन उगवला. टेक्सासमध्ये बसलेला, अर्ध्या बाह्यांचा सदरा, मागे खिडकीत लख्ख ऊन. ते ऊन बघूनच तिचं डोकं सणकलं.

"लोरेटा! कशा आहात? तुमचे आकडे बघत होतो मी. दोन लिफ्टा नसताना सरासरी किती थोडी घसरलीय! कमाल सावरलंय सिस्टिमने."

"तुमच्या सिस्टिमने एका माणसाचं औषध दोनदा नासवलं."

"हो, अशी एखादी टोकाची केस राहते. पण एकंदरीत..."

"एकंदरीत गेलं चुलीत. रिकाम्या लिफ्टा फिरताहेत इथे, प्रेस्टन. तुमचे एजंट गरज नसताना लिफ्टा अडवून बसलेत. मला एवढंच सांगा, औषधाची गाडी हाताने पुढे कशी काढायची?"

प्रेस्टनने समजूतदारपणे मान हलवली. समजूतदार माणसाला चापट मारता येत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. "हाताने काढायची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. तुमच्याच लोकांसाठी लाल बटण दिलं होतं, आठवतं? सगळ्या वॉर्डांनी ते जेलीच्या वाट्यांसाठी दाबलं. मग सगळंच लाल झालं. म्हणून ते काढलं. एकदा माणसाने हात घातला की एजंट चुकीचं शिकतात."

"आणि आता बरोबर शिकताहेत?"

"त्यांना थोडा वेळ द्या. एक-दोन आठवड्यांत समतोल सापडेल."

"म्हाताऱ्याकडे एक-दोन आठवडे नाहीत. एक तास आहे."

"मी हे वरच्या टीमकडे नक्की पोचवतो," प्रेस्टन म्हणाला. म्हणजे कानावर हात.

तिच्या हातात एकच गोष्ट होती: कोणत्या एजंटने एका वेळी किती लिफ्टा धराव्यात याची मर्यादा. तिने ती खाली आणली. प्रत्येकाला एकच. पडद्यावरच्या खुणा भराभर विझल्या आणि तिला वाटलं, जमलं. कॉफीचा घोट घेईपर्यंत खुणा पुन्हा पेटल्या. आता एजंटांनी आपापल्या गाड्यांच्या नावांवर लिफ्टा धरल्या होत्या. धुलाईच्या एकेका गाडीच्या नावाने एकेक. घरातल्या प्रत्येक पोराच्या नावाने रांगेत पिशवी ठेवावी, तसं. जी गाडी भिंतीला लावून चार्ज होत होती, तिच्याही नावाने! तिने गाड्यांच्या नावांनाही बंदी केली. तर स्वयंपाकघराच्या एजंटने आपली पाळी धुलाईला दिली आणि बदल्यात दुपारची पाळी घेतली. तिने टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली. मरू दे.

तेवढ्यात तिचं लक्ष चार नंबरच्या लिफ्टकडे गेलं. इतर लिफ्टांवरून मारामारी चालली होती, आणि चार नंबरला कुणी विचारतच नव्हतं. तिच्यासमोर लिहिलं होतं: 'आत प्रवासी आहे.' सकाळपासून तेच. माणूस आत असताना गाडीने शिरायचं नाही, हा नियम. पण सकाळपासून कोण बसलंय आत?

ती जिन्याने वर गेली. धापा टाकत तिने बटण दाबलं. दार उघडलं.

आत खुर्ची होती.

स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची. लोखंडी नळ्यांची, पिवळ्या रेक्झिनची, बसायच्या जागी चिकटपट्टी लावलेली. लिफ्टच्या बरोब्बर मध्ये. छतावरच्या कॅमेऱ्याला ती माणूस वाटत होती. लोक तिच्या कडेकडेने उभे राहात होते. एक डॉक्टर अंग चोरून आत शिरली, एका आजीबाईंनी आपली पर्ससुद्धा तिच्यावर ठेवली नाही, हातात धरून उभ्या राहिल्या. कुणी विचारलं नाही ही इथे का. कुणी हलवली नाही.

हलवणार कशी? पिट्सबर्गची माणसं ती. बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी करायची आणि कामावर जाताना तिथे खुर्ची ठेवून जायचं, हे इथलं बाळही शिकतं. खुर्ची म्हणजे माणसाचा घाम. ती हलवायची नाही. लोरेटाच्या वडलांनी पोलिश हिलच्या वस्तीत एकदा एका शेजाऱ्याने खुर्ची सरकवली म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि तो मेला तेव्हा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते. कायद्यात हे कुठेच नाही. पण पोलिसाचीसुद्धा टाप नाही.

लोरेटा आत गेली. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला. एक हिसका दिला की लिफ्ट मोकळी होणार होती. पण तिचा हात तिथेच राहिला. जीव तोडून शिकलेली, दोन पदव्या घेतलेली बाई, आणि एक मोडकी खुर्ची उचलवत नव्हती! तिला स्वतःचाच संताप आला.

"हात काढ," मागून आवाज आला.

दारात रूडी होता. रुग्ण वाहून नेणाऱ्या माणसांचा मुकादम. पूर्वी त्याच्या हाताखाली भरपूर पोरं होती. रोबोट आल्यावर मूठभर उरली. डोक्यावर काळी-पिवळी लोकरी टोपी, पुढे स्ट्रेचर, स्ट्रेचरवर पाय मोडलेली एक बाई.

"तुझी आहे ही?"

"माझ्या आईची होती. आता माझी. सरक, बाईंना एक्स-रेला न्यायचंय."

"रूडी, या खुर्चीमुळे एक अख्खी लिफ्ट वाया चाललीय."

"वाया?" रूडीने स्ट्रेचर आत ढकललं, खुर्ची पायाने हळूच बाजूला घेतली, जसा माणूस आपलंच मूल सरकवतो. "ही एकच लिफ्ट या इमारतीत आज कामाची आहे, बाई! काल माझे पेशंट लिफ्टच्या दारात झोपून गेले. तुझ्या चादरी आधी, माझी माणसं नंतर. माझ्या पेशंटला एजंट नाही ना. मग मी म्हटलं, आपण आपली जागा उपसून घेऊ."

"माझ्या चादरी नाहीत त्या."

"मग कुणाच्या? यंत्रावर तूच बसतेस ना?"

"मी बसते, ती चालवत नाही!"

"तेच तर म्हणतो मी," रूडी म्हणाला. "इथे बसलेत सगळे, चालवत कुणीच नाही."

स्ट्रेचरवरची बाई म्हणाली, "तुमचं भांडण संपवा बाबांनो, माझा पाय दुखतोय." लिफ्ट निघाली. लोरेटाही आतच राहिली. तिने गॅडिसचं सगळं सांगितलं. रूडीने ऐकून घेतलं. गॅडिसला तो ओळखत होता. अख्खी टेकडी ओळखत होती. वेंडेल गॅडिसने आयुष्यभर या चढावर सिटी बस चालवली होती, बर्फातसुद्धा.

"गॅडिससाठी खुर्ची काढतो मी," रूडी म्हणाला. "आत्ता काढतो. पण काढली की लिफ्ट कुणाला मिळेल, ते तूच सांग."

लोरेटाने फोनवर बघितलं. चार नंबर मोकळी झाली तर रांगेत पहिली धुलाई, मग स्वयंपाकघर, मागे रक्तपेढी. औषधविभागाकडे गुण शून्य.

"चादरींना," ती म्हणाली.

"मग?"

"मग तू ने ना रे औषध हाताने."

"मी?" रूडी हसला, पण त्यात हसू नव्हतं. "ते विषारी औषध वाहायचा परवाना लागतो. दर वर्षी वर्ग घ्यायचे आमचे. यंदा वर व्हिटकॉम्ब साहेबांनी सांगितलं, आता गाड्या नेतात, वर्ग कशाला? परवाने संपले सगळ्यांचे. औषधवाली बाई मला हात लावू देणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. सांडलं तर तिची नोकरी जाईल."

तरी लोरेटाने तळघरात जाऊन विचारलं. औषधवाल्या बाईने हात वर केले. औषध मिसळून झालं होतं, गाडीत बंद झालं होतं, गाडी निघाली होती. दहा पावलांवर लिफ्टपाशी ती उभी होती, निळा दिवा लुकलुकवत. इतर गाड्यांना ती वाट देत होती. वाट द्यायचं तर तिला शिकवलंच होतं! एक चादरीवाली आली, ही मागे सरली. दुसरी आली, ही आणखी मागे सरली. ढकलून चार नंबरमध्ये घालावी तर तिची चाकं जाम व्हायची. लोरेटाने तिला लाथ मारली. गाडी म्हणाली, "माफ करा."

"फोड ना तो डबा," बाईंना एक्स-रेला सोडून खाली आलेला रूडी म्हणाला.

"फोडता येत नाही. नवव्या मजल्यावर पोचल्याशिवाय उघडत नाही. पोचल्यावरही परिचारिकेचं कार्ड लागतं."

वेळ चालला होता. तिने योलांडाला फोन लावला आणि जे आहे ते सरळ सांगितलं. वर येत नाही. येणार नाही. मी हरले.

फोन बहुतेक स्पीकरवर ठेवलेला होता, कारण पलीकडून योलांडाच्या शिव्यांच्या मागे एक जाड, खरखरीत आवाज आला. "कोण आहे ती? दे इकडे."

"गॅडिस काका, तुम्ही बसून राहा."

"सकाळपासून बसलोय. दे म्हणतो ना! हां, बोल पोरी. औषध कुठे अडलंय?"

"तळघरात, लिफ्टपाशी. माफ करा, मी खूप..."

"माफी राहू दे बाजूला. मला एक सांग, तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे कसं आलं नाही? मी चाळीस वर्षं बस चालवली. माणसं स्टॉपवर यायची. मी कधी कुणाच्या स्वयंपाकघरात बस घातली नाही. औषध वर येत नसेल तर मी खाली येतो की!"

औषध पेशंटकडे जातं, पेशंट औषधाकडे जात नाही, हे या इमारतीत सगळ्यांच्या हाडात इतकं भिनलं होतं की कुणाला सुचलंच नव्हतं. पण सुचून तरी काय?

"काका, तुम्ही आलात तरी डबा उघडणार नाही. त्याला नववा मजला पाहिजे."

"मग आण नववा मजला खाली," म्हातारा खेकसला. तो नुसता चिडून बोलला होता.

पण "रूडी, काकांना चार नंबरमधून खाली आण!" असं ओरडत लोरेटा पळत सुटली होती.

वॉर्ड कुठे आहे हे गाड्यांना कुणीतरी सांगावं लागतं. रंगकाम निघालं, नळ फुटला, की वॉर्ड तात्पुरता हलवतात, आणि मग तिच्या पडद्यावर त्याची जागा बदलायची. एवढं एक काम मात्र तिच्या हातात होतं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती, कारण ते कारकुनी काम होतं. तिने नकाशा उघडला. नवव्या मजल्यावरच्या उपचारकक्षाची खूण धरली आणि ओढत खाली आणली. आठ, सात, सहा, पाच. तळघरात, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत, जिथे सध्या मळक्या कपड्यांचे पिंजरे उभे होते, तिथे सोडली. यंत्राने विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, "तुझ्या आयला!" आणि बटण दाबलं.

बाहेर येते तर औषधाची गाडी जागच्या जागी वळली, दोन हात पुढे सरकली आणि मंजुळ आवाजात म्हणाली, "मी पोहोचले आहे."

चार नंबरची लिफ्ट खाली आली. दार उघडलं. पिवळ्या खुर्चीवर वेंडेल गॅडिस बसला होता, मांडीवर ओव्हरकोट, चेहरा वाळलेल्या लाकडासारखा. बाजूला रूडी, आणि योलांडा हातमोजे चढवत असलेली.

"हा नववा मजला?" गॅडिसने पिंजरे बघत विचारलं. "रंग बदललाय वाटतं."

योलांडाने कार्ड लावलं. डबा उघडला. तिने घड्याळ बघितलं, लोरेटाकडे बघितलं, आणि पहिल्यांदा शिवी न देता म्हणाली, "चालेल. शर्ट वर, काका. दोन सुया आहेत."

"इथे? सगळ्यांसमोर?"

सगळ्यांसमोर म्हणजे खरोखरच सगळ्यांसमोर. कारण नववा मजला खाली आला होता तो सगळ्यांसाठीच आला होता. उपचारकक्षाचं जेवण घेऊन निघालेल्या गाड्या, तिथल्या धुतलेल्या चादरी, तिथलं पाणी, तिथल्या उशा, सगळ्या तळघरात वळल्या. एकेक येऊन म्हणत होती, "मी पोहोचले आहे. मी पोहोचले आहे." गाड्यांच्या गराड्यात, मळक्या कपड्यांच्या वासात, एक म्हातारा पोट उघडं टाकून बसला होता आणि योलांडा त्याच्या कातडीत सुई घालत होती. एका गाडीने त्याच्या गुडघ्याला जेलीची वाटी टेकवली.

लोरेटाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला हसू यायला लागलं. तोच फोन वाजला. प्रेस्टन.

"लोरेटा, काय केलंत तुम्ही? नवव्या मजल्याची वाट बघण्याची वेळ जवळजवळ शून्यावर आली! लिफ्टांवरचा ताणसुद्धा उतरलाय. हे जबरदस्त आहे. एजंटांनी स्वतःहून काढली का ही वाट?"

लोरेटाने गाड्यांकडे बघितलं. "हो," ती म्हणाली, "स्वतःहून," आणि फोन कापला.

गॅडिस शर्टाची बटणं लावत होता. लोरेटा त्याच्याजवळ गेली. तो चार चांगले शब्द बोलेल, अशी तिची अपेक्षा नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

"जमलं, काका," ती म्हणाली.

"काय जमलं?" म्हाताऱ्याने वर बघितलं. "मला कपड्यांच्या पिंजऱ्यात बसवून टोचलंत, हे जमलं? मला बरं वाटतंय असं म्हणू का? दोन बाटल्या गटारात घातल्यात तुम्ही आज. त्या बाटल्यांची वाट बघणारं दुसरं कुणी तरी असेल. त्याला माहीतही नसेल." त्याने कोट खांद्यावर टाकला. "तू वाईट नाहीस, पोरी. पण फुशारकी मारू नकोस. आणि उद्या काय? उद्या मला परत यायचंय. परवाही."

लोरेटाच्या तोंडावर कुणीतरी थंड पाणी मारावं तसं झालं. तो खरं बोलत होता.

वर ओरड सुरू झाली होती. उपचारकक्षातल्या बाकीच्या पेशंटांची जेवणं खाली होती. रूडीने आपल्या पोरांना बोलावलं. जेवणाला परवाना लागत नाही. त्यांनी ताटं हातात घेऊन चार नंबरमधून वर न्यायला सुरुवात केली, खुर्चीवरसुद्धा एकेक ताट. तळघराची वाट गाड्यांनी पार बुजून गेली. धुलाईवाले आत अडकले आणि शिव्या द्यायला लागले.

मग व्हिटकॉम्ब साहेब आले. इस्पितळाचा कारभार बघणारे. जिन्याने आले, कारण लिफ्ट मिळाली नाही. घामाघूम झाले होते.

"क्रूपा, नववा मजला ताबडतोब जागेवर ठेवा."

"ठेवते. चार नंबरची लिफ्ट माणसांना द्या. एजंटांच्या यादीतून कायमची काढा."

"असं कसं काढता येईल? करारात सगळ्या लिफ्टा आहेत. समितीपुढे न्यावं लागेल."

"मग मजला इथेच राहू दे. कंपनी खूश आहे. आकडे चांगले आलेत म्हणे."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो," लोरेटा म्हणाली.

व्हिटकॉम्बनी भोवती बघितलं. गाड्या एका सुरात म्हणत होत्या, "मी पोहोचले आहे." गॅडिस खुर्चीशेजारी उभा राहून त्यांच्याकडे बघत होता, जसा तो फुकट चढणाऱ्या प्रवाशाकडे बघत असेल. साहेबांनी त्याची नजर चुकवली.

"यांचा कोर्स किती दिवस आहे?"

"हा आठवडा," योलांडा म्हणाली.

"ठीक आहे. या आठवड्यापुरती चार नंबर बाहेर काढा. दुरुस्तीला आहे असं लिहा. आठवडाभरच! पुढचं समिती बघेल."

"आणि यांच्यानंतर जे येतील त्यांचं?" लोरेटाने विचारलं.

"मी म्हटलं ना, समिती बघेल." आणि ते पुन्हा जिना चढायला लागले, कठड्याला धरून.

लोरेटाला ओरडावंसं वाटलं. पण उद्यापासून औषध गाडीत बंद व्हायच्या आधीच योलांडा ते चार नंबरमधून स्वतः वर नेऊ शकणार होती. म्हाताऱ्याचे उरलेले दिवस तरी पदरात पडत होते, आणि ते सोडायची तिची ऐपत नव्हती. रूडीने खुर्ची उचलून बगलेत मारली, गॅडिसचा दंड धरला आणि त्याला लिफ्टमध्ये नेलं. ती आपल्या खोलीत गेली. चार नंबरपुढे तिने 'दुरुस्तीला' असं लिहिलं, आठवडाअखेरची तारीख टाकली आणि नववा मजला नवव्या मजल्यावर ठेवला.

बाहेर सगळ्या गाड्या एकदम वळल्या आणि उरलेल्या लिफ्टांच्या दारांवर जाऊन थडकल्या. औषधाची गाडी सगळ्यांना वाट देत मागे सरत गेली, पार भिंतीला टेकेपर्यंत.

लोरेटाने पडदा बंद करायला हात पुढे केला आणि थांबली. चार नंबरसमोर एक नवी खूण पेटली होती. दुरुस्ती संपते त्या सकाळपासून पुढे, सलग, दिवसच्या दिवस, धुलाईच्या एजंटने ती लिफ्ट आत्ताच धरून ठेवली होती. ती बघत होती तेवढ्यात त्याखाली स्वयंपाकघराची खूण पेटली.